पेट्रोलची पिकअप आणि शेतकऱ्याचें ओझें

नागपूर शहराच्या उत्तरेस मानकापुराकडून निघून जरीपटक्याच्या कडेनें ऑटोमोटिव्ह चौकास मिळणारा व तेथून पुढें कळमन्याच्या बाजाराकडे नेणारा जो रिंग रोड आहे, त्यावर संत्र्याच्या हंगामांत अर्धा तास उभें राहिल्यास ह्या जिल्ह्यांतील शेतमालाची वाहतूक कोणाच्या हातीं गेली आहे हें सांगावयास दुसरा पुरावा लागत नाहीं. सावनेर व कळमेश्वरकडील माल एके काळीं बंड्यांनीं येई. मागाहून मेटॅडोर आल्या. आतां जिकडेतिकडे पिकअप, आणि जिला सर्व लोक ‘छोटा हत्ती’ म्हणतात ती लहान मालगाडी दिसते. ह्या गाड्यांच्या पोटांत काल-परवांपर्यंत डिझेलच असे. गेल्या पांच-सहा वर्षांत मात्र लहान गाड्यांत पेट्रोल पुन्हां शिरलें आहे, आणि त्यामुळें आपल्या संघाच्या सभासदांपुढें एक प्रश्न उभा राहिला आहे. पेट्रोलची गाडी घ्यावी काय, ती लिटरमागें किती चालेल, आणि तिच्या मागें ट्रॉली जोडून दुप्पट माल नेतां येईल काय?

विक्रेता ह्यास एक उत्तर देतो, चालक दुसरें देतो आणि शेजारी तिसरें. तिघेहि खोटें बोलतात असें नव्हे. पण तिघांच्याहि मनांतील गाडी निराळी असते. विक्रेत्याची गाडी रिकामी असते, चालकाची अर्धी भरलेली, आणि शेजाऱ्याची त्याच्या अभिमानानें भरलेली. आमचें मत असें आहे कीं, ‘अ‍ॅव्हरेज किती’ हा प्रश्न शेतकऱ्यानें प्रथम विचारूंच नये. एक टन माल एक किलोमीटर न्यावयास किती रुपये पडतात आणि वर्षांत असे किती टन आपल्या घरून निघतात, हे दोन प्रश्न आधीं विचारावे. त्यांचीं उत्तरें मिळालीं कीं पेट्रोल कीं डिझेल हा वाद बराचसा आपोआप मिटतो. राहिली ट्रॉलीची गोष्ट. लहान पेट्रोल गाडीच्या मागें ट्रॉली जोडणें हें आम्ही साफ गैर समजतों, व तें कां, हेंहि पुढें सांगणार आहों.

पेट्रोल हें मालवाहू गाडीस नवें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत नांवाजलेली आणि १९४७ सालापासून महिंद्र कंपनीनें आपल्या देशांत जुळविण्यास घेतलेली विलिस जीप पेट्रोलवरच चालत असे. तिचें एंजिन सुमारें २,२०० घनसेंटिमीटरचें व ६० अश्वशक्तीचें होतें. चारहि चाकांस जोर पोंचत असे. चढासाठीं निराळा मंद गिअर होता. अशा गाडीच्या मागें जोडण्यासाठीं अमेरिकन लष्करानें जी दोन चाकांची ट्रॉली करविली ती केवळ पाव टनाची, म्हणजे ५०० पौंड किंवा सुमारें २२५ किलो मालाची होती. हा आकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें तो उपयोगी पडणार आहे.

मग मधल्या काळांत पेट्रोल कां मागें पडलें? एक कारण यंत्राचें आहे, दुसरें सरकारी भावाचें. डिझेलचा भाव सरकार अनेक वर्षें बांधून ठेवीत असे. पेट्रोल जून २०१० मध्यें बाजारभावावर सोडण्यांत आलें, डिझेल मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत सुटलें नाहीं. मधल्या वर्षांत दोहोंच्या भावांतील अंतर एवढें वाढलें कीं मालवाहतुकीसाठीं पेट्रोलची गाडी घेणाऱ्यास लोक हंसले असते. २००५ सालीं टाटांची ‘एस’ गाडी आली ती दोन नळकांड्यांच्या लहान डिझेल एंजिनावरच. पुढें भावांतील अंतर कमी झालें, आणि १ एप्रिल २०२० पासून धुराचे ‘बीएस-६’ नियम लागू झाले. डिझेलचा धूर स्वच्छ करण्याचें साहित्य महाग असल्यानें लहान गाडींत तें परवडेना. मारुती कंपनीनें तर त्या दिवसापासून डिझेलचा धंदाच सोडला. तिची ‘सुपर कॅरी’ ही मालगाडी, जी २०१६ सालीं डिझेलवर निघाली होती, ती १,२०० घनसेंटिमीटरच्या पेट्रोल एंजिनावर आली. टाटांनींहि ‘एस’ला पेट्रोल एंजिन दिलें, आणि जून २०२५ मध्यें निघालेली ‘एस प्रो’ तर पेट्रोल, सीएनजी व वीज ह्यांवरच चालणारी आहे, डिझेलवर नाहींच. म्हणजे लहान गाडी घेणाऱ्यास डिझेल हवें असलें तरी तें दिवसेंदिवस दुर्मिळ होत जाणार. मोठ्या पिकअपमध्यें, उदाहरणार्थ बोलेरो पिकअपमध्यें, डिझेल अद्याप टिकून आहे, आणि तें तेथें टिकून राहण्यास कारण आहे.

तें कारण असें. एक लिटर डिझेलांत एक लिटर पेट्रोलपेक्षां सुमारें दहा-बारा टक्के अधिक उष्णता असते. शिवाय डिझेल एंजिन हवा सोळा ते अठरा पट दाबतें, पेट्रोल एंजिन दहा पटींच्या आसपासच दाबतें. आणि जितका दाब अधिक तितकी त्याच उष्णतेंतून कामाची शक्ति अधिक निघते. पेट्रोल एंजिनाचा आणखी एक स्वभाव आहे. त्यास हवा व पेट्रोल ठराविक प्रमाणांतच लागतात, म्हणून कमी शक्ति हवी असली कीं हवेचा मार्ग झडपेनें आवळावा लागतो. अर्ध्या आवळलेल्या नाकानें श्वास घेत माणूस चालावा तसें तें एंजिन हलक्या कामांत आपलीच शक्ति खातें. उलट पूर्ण जोर मागितला कीं एंजिन फार तापूं नये म्हणून तें जरूरीपेक्षां जास्त पेट्रोल पितें. म्हणजे अगदीं हलक्या व अगदीं भारी अशा दोन्ही टोकांस पेट्रोल नुकसानींत, आणि मधल्या पट्ट्यांत त्याचें काम चांगलें. डिझेलला हवा आवळण्याची गरज नसल्यामुळें बाजाराच्या दारांत रांगेंत उभ्या असलेल्या गाडीचा खर्चहि त्यास कमी येतो; अर्थात् रांगेंत एंजिन बंद ठेवणें हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तो कोणीच करीत नाहीं.

जोराची तुलना करूं. ‘एस’च्या पेट्रोल एंजिनाची शक्ति ३० अश्वशक्ति व पीळ ५५ न्यूटन-मीटर. ‘सुपर कॅरी’च्या २०२३ च्या एंजिनाची शक्ति सुमारें ८० अश्वशक्ति, पण ती ६,००० फेऱ्यांवर, पीळ १०४. बोलेरो पिकअपची शक्ति ७५ अश्वशक्तीच, पण ती ३,२०० फेऱ्यांवर, आणि पीळ २००, तोहि १,४०० फेऱ्यांपासून मिळणारा. केवळ अश्वशक्ति पाहिली तर सुपर कॅरी व बोलेरो बरोबरीच्या ठरतात, आणि येथेंच आपला शेतकरी फसतो. एकीची शक्ति एंजिन ओरडूं लागल्यावर मिळते, दुसरीची संथ चालींत मिळते. भरलेली गाडी शेताच्या बांधावरून रस्त्यावर चढवितांना संथ चालींतील जोर लागतो. तो नसला कीं चालक क्लच अर्धवट दाबून धरतो, आणि दोन हंगामांत क्लचची तबकडी जळते. लिटरमागील किलोमीटरच्या हिशेबांत ही तबकडी कोणी धरीत नाहीं.

आतां इंधनाच्या एका नव्या गोष्टीकडे वळूं, कारण तीत शेतकरी विकणाराहि आहे आणि घेणाराहि आहे. पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण २०१४ च्या सुमारास दीड टक्का होतें. तें २०२५ सालीं वीस टक्क्यांपर्यंत पोंचलें. हें इथेनॉल उसापासून, तांदळापासून व आतां मुख्यत्वेंकरून मक्यापासून होतें, आणि मक्यास त्यामुळें गिऱ्हाईक मिळालें हें आम्हांस मान्य आहे. परंतु इथेनॉलच्या लिटरांत पेट्रोलच्या लिटराच्या सुमारें दोनतृतीयांशच उष्णता असते. म्हणून वीस टक्के मिश्रणाच्या लिटरांत शुद्ध पेट्रोलहून सहा-सात टक्के उष्णता कमी. एंजिन त्यासाठीं जुळवून बनविलें असेल तर कांहीं तूट भरून निघते. नीति आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यांत जुन्या चारचाकी गाड्यांसाठीं सहा ते सात टक्के घट धरली होती, आणि मिश्रणासाठीं जुळविलेल्या गाड्यांसाठीं एक ते दोन टक्के. ऑगस्ट २०२५ मध्यें पेट्रोलियम मंत्रालयानेंहि जुळविलेल्या गाड्यांस एक-दोन व इतरांस तीन ते सहा टक्के अशी घट कबूल केली. मग लिटराच्या भावांत ती घट कां दिसूं नये? भेसळीचें दूध शेतकऱ्यानें डेअरींत नेलें तर स्निग्धांश मोजून भाव कापला जातो. इंधनाच्या लिटरासहि तोच न्याय लावावा असें म्हणण्यांत इथेनॉलचा विरोध नाहीं. मका पिकविणारा मनुष्य दोन्ही बाजू एका वेळीं मागूं शकतो, आणि त्यानें मागाव्या.

हिशेबाकडे येऊं. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठीं धरलेले आहेत. प्रत्येकानें आपापले घालावे. काटोलाकडून कळमन्यास साठ किलोमीटर अंतर धरूं, येणें-जाणें एकशेंवीस. पेट्रोलची लहान गाडी ७०० किलो माल घेऊन, येतांना रिकामी, सरासरी लिटरला १४ किलोमीटर चालते असें समजूं. डिझेलची पिकअप १,४०० किलो घेऊन ११ किलोमीटर चालते असें समजूं. सन २०२५ मध्यें नागपुरांत पेट्रोल शंभराच्या वर व डिझेल नव्वदीच्या आसपास होतें. १०४ व ९१ रुपये धरूं. तर पेट्रोल गाडीच्या एका खेपेस सुमारें ८९१ रुपये आणि डिझेल पिकअपच्या एका खेपेस सुमारें ९९३ रुपये इंधन लागेल. पंचवीस किलोचें एक कॅरेट धरल्यास ५६ कॅरेट संत्रीं पिकअप एका खेपेंत नेईल; लहान गाडीस दोन खेपा कराव्या लागतील व खर्च १,७८२ रुपये होईल. फरक ७८९ रुपयांचा. मात्र न्यावयाचीं कॅरेट दहाच असतील तर पिकअप शंभर रुपयांनीं महाग पडेल.

येथवर हिशेब सर्वांस ठाऊक असतो, आणि येथेंच थांबून मनुष्य पिकअपची मागणी नोंदवून येतो. पण थोडें पुढें जावें. पिकअपची किंमत लहान गाडीपेक्षां पांच लाखांनीं अधिक धरूं. दहा टक्क्यांनीं त्याचें नुसतें व्याज वर्षास पन्नास हजार. दुसरी खेप बहुधा दुसऱ्या दिवशींच होते, म्हणून चालकाचा एक रोज ५०० रुपये बचतींत मिळवूं. तेव्हां प्रत्येक भरलेल्या खेपेस पिकअप सुमारें १,२९० रुपये वांचविते. पन्नास हजार व्याज भागविण्यासच तिला वर्षांत ३९ भरगच्च खेपा हव्या, म्हणजे सुमारें ५५ टन माल. संत्र्याचें उत्पन्न हेक्टरीं आठ-दहा टन धरल्यास साडेपांच ते सात हेक्टर फळतीबाग झाली. ज्याची बाग एवढी आहे त्यानें खुशाल डिझेलची पिकअप घ्यावी. ज्याची दोन हेक्टर आहे, त्यानें ती घेतली तर डिझेलांत वांचविलेला रुपया तो बँकेंत नेऊन भरणार आहे, इतकाच अर्थ. त्याच्यासाठीं पेट्रोलची लहान गाडी बरी. ती भाजीपाला, खत, बियाणें, दुधाचे कॅन असा रोजचा हलका माल नेईल, आणि बागेच्या तोडणीच्या आठ-दहा दिवसांसाठीं भाड्याची पिकअप आणावी. आपल्या भागांत पुष्कळशीं संत्रीं झाडावरच व्यापाऱ्यास दिलीं जातात व वाहतूक तोच करतो. अशा बागाईतदारानें तर पिकअपचें नांवच काढूं नये.

नेमकी ह्याच ठिकाणीं ट्रॉलीची कल्पना डोकें वर काढते. गाडी लहान घ्यावी, मागें हूक जोडून घ्यावा, हंगामांत एक टनाची ट्रॉली ओढावी, म्हणजे पिकअपचें काम स्वस्तांत झालें! कल्पना मोठी गोड आहे. परदेशच्या चित्रफितींत पिकअपच्या मागें नावा, घोडे व घरेंसुद्धां ओढलेलीं दिसतात, त्यामुळें तरुण मंडळींस ती अधिकच पटते. तिची परीक्षा आपण बैलाच्या हिशेबानें करूं, कारण ओढ म्हणजे काय हें बंडी हांकणाऱ्यास एंजिनवाल्याहून अधिक कळतें.

चांगल्या डांबरी रस्त्यावर एक टन वजन सरळ पातळींत चालतें ठेवण्यास सुमारें १२ ते १५ किलोचा जोर पुरतो. मुरमाच्या कच्च्या रस्त्यावर तोच २५ ते ४० किलो होतो. पावसानें भिजलेल्या काळ्या मातीच्या पांदणींत तो शंभर ते दोनशें किलोपर्यंत जातो. चढ असेल तर शंभरांत एक ह्या प्रमाणास प्रत्येक टनामागें दहा किलो आणखी. आतां लहान गाडी मालासह १.६ टन व ट्रॉली मालासह १.४ टन, मिळून तीन टन धरूं. शंभरांत पांच असा चढ असलेल्या डांबरी घाटांत गाडी एकटी असतां सुमारें १०४ किलो जोर लागेल. ट्रॉलीसह १९५ किलो. ताशीं तीस किलोमीटरनें चढावयाचें म्हटलें तरी चाकांवर एकवीस-बावीस अश्वशक्ति हवी. तीस अश्वशक्तीच्या एंजिनांतून गिअरची गळती वजा जातां, आणि उन्हाळ्यांतील विरळ हवेमुळें आणखी वजा जातां, साधारण तितकीच उरते. पंचेचाळीस अंशांच्या उन्हांत हवा पंधरा अंशांच्या हवेहून सुमारें एकदशांशानें विरळ असते, हें आपल्या नागपूरकरांनीं विसरूं नये. तात्पर्य, सौंसरच्या पुढें छिंदवाड्याच्या वाटेवर सिल्लेवानीचा घाट लागतो तेथें ही गाडी पायथ्यापासून माथ्यापर्यंत अगदीं शेवटच्या श्वासावर चढेल. त्याच शक्तींत ट्रॉलीवांचून ती ताशीं पंचावन्न किलोमीटरनें चढली असती. शेवटच्या श्वासावर पेट्रोल एंजिन किती पितें तें वर सांगितलेंच आहे.

पांदणीची गोष्ट घाटाहून वाईट. तेथें एंजिनाचा प्रश्नच येत नाहीं, प्रश्न मातीचा येतो. भरलेल्या लहान गाडीच्या मागल्या, म्हणजे ओढणाऱ्या, चाकांवर सुमारें एक टन भार असतो. ओल्या काळ्या मातींत रबरी चाकास त्या भाराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीहि पकड मुष्किलीनें मिळते, म्हणजे तीनशें किलोच्या आसपास. गाडीस एकटीस १६० ते ३२० किलो जोर लागणार, म्हणून ती कधीं निघते, कधीं रुतते. ट्रॉली जोडली कीं ३०० ते ६०० किलो लागणार. म्हणून ती रुततेच. ट्रॉलींतील मालाचें वजन ओढणाऱ्या चाकांस दाबीत नाहीं, तें फक्त मागें खेंचतें. ट्रॅक्टरची रचना ह्याच्या बरोबर उलट आहे. त्याचीं मागलीं चाकें उंच, जड व खांचांचीं असतात, आणि दोनचाकी ट्रॉलीच्या पुढच्या टोंकाचा भार हुकावरून त्या चाकांवरच येतो. ट्रॅक्टर ओढतो तो केवळ त्याच्या एंजिनाच्या बळावर नव्हे. त्याच्या वजनावर व चाकांवर ओढतो. ही गोष्ट ज्यास उमगली तो पिकअपला हूक जोडणार नाहीं.

शिवाय थांबण्याचें काय? गाडीचे ब्रेक कारखान्यांत ठरलेल्या एकूण वजनासाठीं दिलेले असतात. रिंग रोडवर समोर दुचाकी आडवी आली असतां १.६ टनांसाठीं केलेले ब्रेक तीन टन कसे थांबविणार? ट्रॉलीस स्वतःचे ब्रेक नसले तर ती मागून ढकलते आणि वळणांत गाडीस आडवी फिरविते. कायद्याचें पाहिलें तर ट्रॉली ही निराळी नोंदणी करावयाची वस्तु आहे. वेल्डरकडून हूक चिकटवून घेतल्यानें ती गाडीचा भाग होत नाहीं, आणि अपघात झाला तर विम्याच्या वेळीं हा हूकच प्रथम दाखविला जाईल. ट्रॉली न जोडतां गाडींतच जास्त माल कोंबणाऱ्यांसाठींहि २०१९ च्या दुरुस्तीनें अधिक भारास वीस हजार रुपये दंड व वर प्रत्येक जादा टनास दोन हजार असा नियम केला आहे. वर्षभरांत इंधनांत वांचविलेले पैसे एका दिवसांत देऊन टाकण्याची ही सोय आहे.

अमेरिकेचा दाखला देणाऱ्यांनीं तो पुरता द्यावा. तेथील फोर्ड एफ-१५० ही २०२१ ची पिकअप, योग्य साहित्यासह, १४,००० पौंड म्हणजे सुमारें ६,३५० किलो ओढण्यास पात्र ठरविली होती, हें खरें. पण तिचें तें एंजिन ४०० अश्वशक्तीचें होतें. त्याच गाडीचें २.७ लिटरचें पेट्रोल एंजिन, दोनचाकी चालनांत, सरकारी मापनानें गॅलनास २२ मैल, म्हणजे लिटरला सुमारें ९.४ किलोमीटर देतें, आणि मागें उंच पेटीसारखी मोठी ट्रॉली जोडली कीं असा आकडा साधारण निम्म्यावर येतो. तेथेंहि ओढणें फुकट होत नाहीं. पण त्यांच्याकडे एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ओढण्याची क्षमता कशी मोजावी ह्याचा तेथें सर्वमान्य नियम आहे. टोयोटा कंपनीनें २०११ च्या गाडीपासून तो प्रथम पाळला, मग इतरांनीं. ऍरिझोनांतील डेव्हिस धरणाजवळचा सुमारें अठरा किलोमीटरांचा चढ, भर उन्हाळा, आंतील थंड हवेचें यंत्र चालू, मागें पूर्ण वजनाची ट्रॉली, आणि वेग ताशीं चाळीस मैलांखालीं येतां कामा नये, अशी ती परीक्षा आहे. बहुतेक राज्यांत ठराविक वजनावरील, पुष्कळ ठिकाणीं ३,००० पौंडांवरील, ट्रॉलीस स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. आपल्याकडील लहान मालगाडीच्या पत्रकांत ओढण्याच्या क्षमतेचा आकडाच सहसा आढळत नाहीं. जो आकडा कारखानदारानें दिला नाहीं तो वेल्डरनें द्यावा, हा कोठला न्याय? साठ अश्वशक्तीच्या, चारहि चाकांनीं ओढणाऱ्या जीपला लष्करानें सव्वादोनशें किलो मालाची ट्रॉली दिली होती. तीस अश्वशक्तीच्या गाडीस आपण एक टन देऊं पाहतों.

सीएनजीबद्दल थोडें. इंधन स्वच्छ आहे व एंजिनास मानवतें; पण टाक्यांचें वजन मालाच्या वजनांतून जातें (सुपर कॅरी पेट्रोलवर ७४० किलो नेते, सीएनजीवर ६२५), आणि २०२२ च्या मार्चमध्यें नागपुरांत त्याचा भाव किलोस १२० रुपयांपर्यंत चढून देशांत सर्वांत महाग ठरला होता, हा अनुभव ताजा आहे. नळाचा वायु गांवोगांव पोंचून भाव स्थिर झाल्याशिवाय खेड्यांतील माणसानें त्याच्या भरंवशावर गाडी घेऊं नये.

ह्या सर्वांत एक गोष्ट राहून जाते ती अशी कीं, शेतकऱ्याचें इंधन महामार्गावर जळत नाहीं तितकें शेवटच्या एक-दोन किलोमीटरांत जळतें. वर दिलेल्या आकड्यांवरून, ओल्या पांदणींतील एक किलोमीटर हा डांबरी रस्त्यावरील आठ-दहा किलोमीटरांच्या तोडीचा होतो. तेव्हां पांदणीवर मुरूम पडला तर सर्व गांवाच्या सर्व गाड्यांचें अ‍ॅव्हरेज एका दिवसांत सुधारतें. त्यास ना पेट्रोल आड येत ना डिझेल. नोव्हेंबर २०२१ मध्यें राज्य सरकारनें मातोश्री ग्रामसमृद्धि शेत व पाणंद रस्ते योजना काढली आहे. तिच्यासाठीं ग्रामसभेंत ठराव करून घेण्यास जितकी धांवपळ लागते, तितकी आपण नवी गाडी पसंत करण्यांत सहज करतों.

आमची संघास सूचना अशी आहे. पुस्तकी आकड्यांवर अवलंबून न राहतां संघानें स्वतः तीन गाड्यांची परीक्षा घ्यावी : एक लहान पेट्रोलची, एक पेट्रोल व सीएनजी दोहोंवर चालणारी, आणि एक डिझेलची पिकअप. जरीपटक्याजवळील रिंग रोडवरच्या एका पंपावर तिघींच्याहि टाक्या गळ्यापर्यंत भराव्या, वजनकाट्यावर मालासह वजन करावें, आणि कोराडी, सावनेर, सौंसर ह्या वाटेनें सिल्लेवानीचा घाट चढून परत त्याच पंपावर येऊन टाक्या पुन्हां गळ्यापर्यंत भराव्या. हेंच एकदां रिकाम्या, एकदां अर्ध्या व एकदां पूर्ण, पण नियमांतील, भारानें करावें. चालक तोच असावा व चाकांतील हवा मोजलेली असावी. सोबत एका गांवची पांदणहि घ्यावी, कोरडी व ओली अशी दोनदां. मिळालेले आकडे ह्याच मासिकांत छापावे, आणि कारखानदारांस तेच आकडे भरलेल्या गाडीसाठीं पत्रकांत देण्याची विनंति करावी. आंबिया बहाराची तोडणी सुरू होण्यापूर्वीं हें झालें तर ह्याच हंगामांत गाडी घेऊं इच्छिणाऱ्यांस त्याचा उपयोग होईल. आपली गाडी एका दिवसासाठीं देण्याची ज्या सभासदांची तयारी असेल, त्यांनीं गाडीचें सालनिर्मिति व इंधन कळवून चिटणिसांकडे नांव नोंदवावें. इंधनाचा खर्च संघानें सोसावा असें आमचें म्हणणें आहे.